फेटा आहे, पुस्तक नाही
भोपाळच्या मराठी घरांतली तिसरी पिढी आणि तिची शाळा

(भोपाळ येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी दोन गोष्टी एकदम अमलात आल्या. भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, ही पहिली. ती इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. दुसरी फारशी कुणाला आठवत नाही. सातवी घटनादुरुस्ती त्याच दिवशी लागू झाली आणि घटनेत ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा, असं तो सांगतो. ज्या फेरमांडणीनं आपल्या आजोबांना एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य केलं, तिनंच त्यांच्या नातवंडांना मराठी शिकवण्याची तजवीजही कागदावर करून ठेवली होती. फेरमांडणी चोख पार पडली. तजवीज कागदावरच राहिली. ती का राहिली आणि त्यातून आजची मुलं कशी घडली, यावर आज बोलणार आहे.

आधी आजोबांची गोष्ट. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. त्या राज्यात १९५० च्या कायद्यानं हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा होत्या. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, उच्च न्यायालय जबलपूरला गेलं आणि सचिवालय भोपाळला आलं. ज्यांची नावं मध्य प्रदेशाच्या यादीत पडली ते कर्मचारी ट्रंका, पाटा-वरवंटा आणि देव्हारा घेऊन इथं उतरले. राज्याचं नाव तेच, नोकरी तीच. पण १९५७ च्या राजभाषा कायद्यानंतर त्या राज्यात मराठीला जागा उरली नव्हती. त्यांच्या जोडीला मध्य भारत राज्याचं बिऱ्हाड आवरून ग्वाल्हेर-इंदूरची मंडळी आली. त्यांची मराठी शिंदे-होळकरांच्या राज्यात दोनशे वर्षं मुरलेली, आणि हिंदी त्यांना परकी नव्हती. या दोन गटांचं आपसात फारसं पटत नसे, हेही सांगून टाकतो. नागपूरकर त्यांच्या हिंदी वळणाला हसत आणि ते नागपूरकरांच्या ‘करून राहिलो’ला. पुढे भेलचा कारखाना उभा राहिला तसे पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यात फिटर-टर्नरपासून इंजिनियरपर्यंत आणखी मराठी लोक आले.

शहरानं या नव्या वस्त्यांना नावं दिली ती क्वार्टरांच्या आणि बंगल्यांच्या संख्येवरून : बाराशे पन्नास, पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले. मधल्या मोठ्या वस्तीचं नाव मात्र तात्या टोपे नगर. येवल्याचा हा माणूस इथं बसच्या पाट्यांवर रोज फिरतो, पण ‘टी. टी.’ एवढाच. कॉलेजातल्या आपल्या मुलांना या दोन अक्षरांचा अर्थ विचारून पाहा. मी विचारला आहे. एकानं ‘ट्रॅफिक टर्मिनल’ असं ठोकून दिलं.

मराठी शाळेचं गाडं अडलं ते आकड्यावर. १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलं होतं की एका वर्गात दहा किंवा सबंध शाळेत चाळीस मुलं एका मातृभाषेची असली, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यायचा. राज्यघटनेतल्या मोघम ‘पुरेशा सोयी’ची मोजपट्टी म्हणून पुढेही याच आकड्याकडे बोट दाखवलं गेलं. सौसर-पांढुर्ण्याकडे, जिथं गावंच्या गावं मराठी, तिथं तो सहज भरतो. तिकडे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा राहिल्या. भोपाळात क्वार्टर मिळायचं ते पगाराच्या श्रेणीवर. एका ओळीत एक घर मराठी, शेजारचं बुंदेलखंडी, पलीकडचं मल्याळी, त्यापलीकडे बंगाली. दहा मुलं एका वर्गात जमायची कुठून? जमली असती तरी त्यांच्या वडिलांनी अर्ज केला असता का, याची मला शंका आहे. ज्या कारकुनाला वयाच्या चाळिशीत हिंदी टिपणं लिहायला शिकावं लागलं, तो आपल्या मुलाला मराठी माध्यमात कशाला घालील? त्यानं मुलाला हिंदी शाळेत घातलं, मुलानं आपल्या मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. दोघांचंही व्यवहारज्ञान पक्कं होतं. त्यांना आज दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही.

माझी तक्रार त्यानंतरच्या घडामोडीबद्दल आहे. शाळेतून मराठी गेली तेव्हा आपण मनाशी म्हटलं, घरात आहे ना! आणि घरात ती होतीही. आजही बहुतेक घरांत आई-वडील मराठी बोलतात, मुलांना ते समजतं, ती अर्धं उत्तर मराठीत आणि अर्धं हिंदीत देतात. पण घर बोलायला शिकवतं. वाचायला शाळाच शिकवते, आणि सवड असलेल्या एखाद्या आजीचा अपवाद सोडला तर दुसरं कुणी ते काम करत नाही.

गणेशोत्सवातल्या निबंधस्पर्धेचे कागद तपासायला माझ्याकडे येतात. गेल्या खेपेचा एक कागद सांगतो. आठवीतली मुलगी, विषय ‘आमच्या घरचा गणपती’. अक्षर मोत्यासारखं. मजकूर असा चालला होता की आमच्या घरी दीड दिवसाचे गणपती बसतात, बाबा सकालीच फूल आणायला जातात, आजी मोदक बनवते आणि आम्हाला वाटण्याला देते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हिंदीतला उभा दंड. सबंध कागदावर ‘ळ’ एकही नाही. सकाल, टिलक, शाला. वाचताना परीक्षकाचा लाल पेन उचलावासा वाटतो, पण जरा थांबून पाहिलं तर त्या कागदातून बरंच कळतं. मुलीला मराठी वाक्य येतं, क्रियापद बरोबर येतं, लिपी तर तिच्या हातात बसलेलीच आहे. तिनं फक्त छापलेली मराठी कधी पाहिलेली नाही. ‘ळ’ तिनं ऐकलेला आहे, आजीच्या तोंडून रोज ऐकते. तो कागदावर कसा दिसतो हे तिला कुणी दाखवलं नाही. दोन महिन्यांच्या वाचनात भरून निघेल एवढीच ही त्रुटी आहे, आणि ती तीन पिढ्या तशीच राहिली.

दुसऱ्या बाजूला काय दिसतं? विसर्जनाची मिरवणूक. ढोल-ताशा पथक, भगवे फेटे, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, छातीत धडकी भरवणारा गजर. शिवजयंतीला तर दरवर्षी गर्दी वाढते. माझ्या लहानपणी मंडळाचा गणपती म्हणजे एक आरास, एक नाटक आणि पानसुपारी. मराठी असल्याचा एवढा जाहीर, एवढा दणदणीत अभिमान आमच्या पिढीत नव्हता. आम्ही बसमध्ये आईला म्हणायचो, हळू बोल, लोक बघतात. म्हणजे बोलण्या-वाचण्यातली मराठी उतरत गेली आणि मिरवण्यातली चढत गेली. ज्येष्ठ मंडळी हे पाहून दोन गटांत वाटली जातात. एक म्हणतात, संस्कृती बुडाली. दुसरे म्हणतात, पाहा, मुलं किती जागी झालीत! दोन्ही गट एकाच मिरवणुकीत चालत असतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अलेहान्द्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मायामी आणि सान दिएगो भागातल्या, परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू केला. तीन-चार वर्षांनी तीच मुलं पुन्हा गाठली. इंग्रजीकडे त्यांचा ओढा आणखी वाढला होता, घरची भाषा मागे पडली होती. पण ‘तू कोण?’ या प्रश्नाला ‘अमेरिकन’ असं उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण मात्र घटलं होतं. आई-बापांच्या देशाचं नाव सांगणारी मुलं वाढली होती. मधल्या काळात, १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियात बेकायदा स्थलांतरितांना सार्वजनिक सेवा नाकारणारा एकशे सत्त्याऐंशीवा प्रस्ताव मतदानात मंजूर झाला होता. बाहेरून ढकललं गेलं की ओळख घट्ट होते आणि त्यासाठी भाषा यावीच लागते असं नाही. त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट आढळली, तिच्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. ज्या मुलांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या त्यांचे घरात खटके कमी उडत आणि पुढच्या शिक्षणाच्या त्यांच्या आकांक्षाही मोठ्या होत्या.

भोपाळच्या मराठी मुलाला कुणी ढकललं आहे का? तसं नाही. हे शहर त्या बाबतीत उदार. नवाबांच्या काळापासून पठाण, कायस्थ, बोहरा, नंतर बैरागढचे सिंधी, सगळ्यांना त्यानं सामावून घेतलं. इथं आपल्याला कुणी ‘परत जा’ म्हणालं नाही. म्हणून मला ही ढोलाची ओळख कधी कधी उसनी वाटते. ती पुण्याच्या मिरवणुकीचे व्हिडिओ पाहून येते. तिच्यात आपलं, इथलं काय आहे? तात्या टोपेसुद्धा नाही.

इथलं म्हणून जे आहे ते पुस्तकांत आहे. १९४३ साली अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ संपादित केलं, हिंदी कवितेचं वळण बदलणारं पुस्तक. त्यातल्या सात कवींपैकी दोघांची घरची भाषा मराठी : गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. दोघंही १९१७ चे, दोघंही ग्वाल्हेर संस्थानातले. मुक्तिबोधांचे वडील संस्थानच्या पोलिसात. बदलीची नोकरी, आज शिवपुरी तर उद्या उज्जैन. आईचं बालपण बुंदेलखंडात गेलेलं आणि तिला प्रेमचंदांचं वेड. आईनंच आपल्याला प्रेमचंदांचा भक्त केलं, असं मुक्तिबोधांनी लिहून ठेवलं आहे. याच घरातले धाकटे भाऊ शरच्चंद्र. ते मराठीत कवी झाले, ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी लिहिली आणि १९७९ मध्ये मराठी समीक्षेसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. एक आई, एक बाप, तीच गावं. एक भाऊ हिंदीतला शिखरकवी, दुसरा मराठीतला मोठा कवी आणि विचारवंत. थोरल्यानं मराठी सोडली म्हणून त्याला कुणी करंटा म्हटलं नाही, आणि धाकट्यानं मराठी धरली म्हणून तो कोता ठरला नाही. हे होऊ शकलं, कारण दोघांच्या हातात दोन्ही भाषांतली पुस्तकं होती. आपल्या निबंधवाल्या मुलीपुढे असा पर्यायच नाही. ती उद्या हिंदीत किंवा इंग्रजीत लिहील आणि फार चांगलं लिहील, याची मला खात्री आहे. पण तिनं मराठी न निवडणं ही तिची निवड नसेल.

याच मुक्तिबोधांनी शाळकरी मुलांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिलं, आणि १९६२ मध्ये भोपाळच्या सरकारनं त्यावर बंदी घातली. पाठ्यपुस्तकांवरून भांडणं करण्याची आपली परंपरा जुनी आहे, एवढंच यावरून नोंदवतो. दोन वर्षांनी, पक्षाघातानं आजारी असताना त्यांना याच शहरात हमीदिया रुग्णालयात आणलं होतं. तिथून दिल्लीला नेलं आणि ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले.

माधवराव सप्रे यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय १९८४ पासून याच शहरात आहे. दमोह जिल्ह्यात जन्मलेला हा मराठी माणूस हिंदी पत्रकारितेचा एक पाया मानला जातो, आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत गेलं ते त्यांच्या हातून. संग्रहालय इथं चालतं, पण आपल्या मुलांची सहल तिथं गेल्याचं मी ऐकलं नाही. सहल भीमबेटक्याला जाते, किंवा मॉलमध्ये.

आतापर्यंत मी ‘आपण, आपण’ म्हणतोय ते सचिवालय आणि भेलच्या क्वार्टरातले आपण. या शहरातली मराठी घरं एवढ्यावर संपत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं आणि अठराव्या दिवशी राजधानी हलली. नागपूरकडून पुढे इथं आलेल्यांत बौद्ध कुटुंबंही आहेत. बालाघाट, बैतूलकडून बांधकामावर आलेले मजूरही मराठी बोलतात. मंडळाच्या पावतीपुस्तकात यांची नावं तुरळक सापडतात. का, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. डॉ. आंबेडकर याच प्रदेशात, महूला, १८९१ मध्ये जन्मले. वडील रामजी सकपाळ तिथं लष्कराच्या शाळेत शिकवत. स्थलांतरित मराठी घरातल्या मुलाचं शिक्षण हा आपला विषय असेल तर त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. आज बौद्ध घरातली एखादी मुलगी १४ एप्रिलला भीमगीतं मराठीत गाते, तोंडपाठ गाते. बाबासाहेबांची इंग्रजी पुस्तकं ती वाचू शकते. पण १९२७ चं ‘बहिष्कृत भारत’, ज्यात ते आपल्या लोकांशी आपल्या भाषेत बोलले, ते तिच्यापुरतं बंद आहे. निबंधवाल्या मुलीचं नुकसान एक वेळ हौसेचं म्हणता येईल. या मुलीचं नुकसान त्याहून खोल आहे. म्हणून मराठी वाचनाचा वर्ग काढायचाच तर तो गणपतीच्या मांडवापुरता ठेवून चालणार नाही.

आता एक गंमत. अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळानं त्यांना अभ्यासक्रम आखून दिला आहे आणि पुण्याच्या भारती विद्यापीठामार्फत परीक्षा होतात. तिथल्या मुलाला ‘क’ गिरवण्यापासून सुरुवात करावी लागते. लिपी परकी, शेजार परका, गाडीनं तास-दीड तास जायचं. आपल्या मुलाला देवनागरी पहिलीतच येते. त्याच्या वाटेतला निम्म्याहून जास्त डोंगर शाळेनं फुकटात फोडून दिला आहे. बैरागढच्या सिंधी मुलाला विचारा. त्याच्या आजोबांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, त्याची देवनागरीत, आणि पुस्तकं दोन्हीकडे विखुरलेली. एवढी सोपी वाट पायाखाली असताना ती न चालणारे जगात आपणच असू.

साहित्य नाही म्हणून अडलं आहे, असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचायला मिळतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात रविवारी सकाळी मुलांना गोळा करायचे तेव्हा यातलं काही संगणकावर नव्हतं. नागपूरहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ते ‘चांदोबा’ आणि जुनी क्रमिक पुस्तकं मागवायचे. वर्गात सातवीपर्यंतची मुलं टिकायची. नववीत इंजिनियरिंग प्रवेशाच्या पीईटीचे क्लास सुरू झाले की गळायची. सरांनी त्यांना कधी अडवलं नाही. सातवीपर्यंत वाचायला लागलेलं पोर पुढे आपल्या आपण वाचतं, असा त्यांचा हिशेब होता. माझ्यापुरता तो बरोबर निघाला.

मधल्या मधे महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांबद्दल एक शब्द. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारनं पहिलीपासून हिंदी आणायचं ठरवलं आणि जूनअखेर माघार घेतली. त्या दिवसांत इथं आपल्याला दोन्हीकडून फोन येत होते. पुण्याचा मामेभाऊ विचारायचा, तुम्ही कुणाच्या बाजूचे? मला त्या वादात एवढंच दिसतं की लहान मुलावर कोणती भाषा लादावी यावर सगळे बोलतात, त्याच्या घरात कोणती आहे हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, ते मला मान्य आहे. ज्या मातीत राहायचं तिची भाषा यावी. पण पिंपरीत गवंडीकाम करणाऱ्या छतरपूरच्या माणसाचं पोर तिथं मराठी शिकत असताना त्याच्या घरच्या बोलीला शाळेत एक कोपरा असावा, असं म्हणायची आपली तयारी नसेल, तर भोपाळात ३५०-कचं नाव घ्यायला आपल्याला तोंड नाही.

मग इथं करायचं काय? मध्य प्रदेश शिक्षण मंडळाच्या दहावीच्या वेळापत्रकात वर्षानुवर्षं एक ओळ छापून येते : मराठी, गुजराती, पंजाबी, सिंधी. चौघींचा पेपर एकाच दिवशी. म्हणजे तिसरी भाषा म्हणून मराठी घेता येते. सीबीएसईच्या विषयांच्या यादीतही मराठी आहे. प्रत्यक्षात सगळी मुलं संस्कृत घेतात, कारण त्यात मार्क पडतात आणि शिक्षक असतो. मार्कांचं मी काही करू शकत नाही, पण शिक्षकाचं करता येईल. श्यामला हिल्सवर एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था साठच्या दशकापासून आहे. महाराष्ट्र आणि गोवा तिच्या क्षेत्रात येतात आणि तिथली मुलं-मुली शिक्षक व्हायला या शहरात येऊन राहतात. पलीकडच्या टेकडीवर मराठी जाणणारे भावी शिक्षक आणि अलीकडे ‘ळ’ न पाहिलेली मुलं, आणि मध्ये फक्त तलाव. मंडळांनी ढोलाच्या बजेटातला थोडा भाग शनिवारच्या मानधनाकडे वळवला तर तोही ओलांडता येईल. राज्याच्या मराठी साहित्य अकादमीनं संमेलनांबरोबर हेही काम अंगावर घ्यावं. मी तसं त्यांना लिहिणार आहे.

शाळेकडे मागणी मात्र पालकांनीच करायला हवी. मुख्याध्यापक म्हणतील, एवढ्या मुलांसाठी शिक्षक कुठून आणू? म्हणून आधी मोजा. वर्गात दहा भरत नसतील तर शाळेत चाळीस भरतात का ते पाहा. पिपलानीच्या एखाद्या शाळेत भरतील असा माझा अंदाज आहे. अर्जाचा मसुदा तयार करून आणला आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. मघाशी पाहिलं तर त्यावर पाच-सहा सह्या झालेल्याही आहेत, पण सगळ्या सत्तरीच्या पुढच्यांच्या. शाळेत त्या चालणार नाहीत. आई-वडिलांच्या लागतात. ते आज इथं फारसे दिसत नाहीत, तेव्हा कागद घरी न्या आणि त्यांच्याकडून सही करून आणा.